संध्याकाळी तुटणारे अपस्ट्रीम आणि रिटर्न पाथमधला नॉइज

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका केबलचालकाच्या एका नोडवर (परिसरातल्या घरांच्या केबल जिथे फायबरला जोडल्या जातात त्या पेटीवर) सुमारे ३८० केबल मोडेम आहेत. दिवसा सीएमटीएसवर (केबलचालकाच्या केंद्रातल्या, मोडेमशी बोलणाऱ्या यंत्रावर) अपस्ट्रीमचा, म्हणजे घरांकडून केंद्राकडे येणाऱ्या सिग्नलचा (यालाच रिटर्न म्हणतात), एसएनआर (सिग्नल नॉइजपेक्षा किती वर आहे तो आकडा) ३२ डेसिबेल म्हणजे डीबीच्या आसपास दिसतो. संध्याकाळी साडेसहानंतर तो १९-२० पर्यंत घसरतो, ग्राहकांचे फोन सुरू होतात, आणि रात्री साडेदहानंतर सगळे आपोआप सावरते. टीव्हीच्या चित्राबद्दल मात्र एकही तक्रार नाही. त्यांनी नोड बदलून पाहिला, दोन अ‍ॅम्प्लिफायर बदलले, नोडमधला रिटर्नचा गेन (सिग्नल मोठा करण्याचे प्रमाण) ४ डीबीने वाढवला, तरी उपयोग झाला नाही. आता ट्रंकची (मुख्य लाइनची) केबल बदलावी का, असे त्यांनी विचारले आहे.

केबल बदलू नका. ठरलेल्या वेळी येणारा आणि ठरलेल्या वेळी जाणारा नॉइज ट्रंकमध्ये जन्मत नाही, तो लोकांच्या घरांतून येतो. संध्याकाळी दिवे लागतात, टीव्ही सुरू होतात, चार्जर आणि मिक्सर चालू होतात. झोपायच्या वेळी ते बंद होतात. ट्रंकच्या केबलला घड्याळ कळत नाही. तिला उष्णता आणि पाणी मात्र कळते, म्हणून तिचा दोष दुपारच्या उन्हात किंवा पावसाच्या सरीनंतर दिसतो, साडेसहाच्या ठोक्याला नाही.

टीव्हीचे चित्र स्वच्छ असताना इंटरनेट का तुटते, याचे उत्तर जाळ्याच्या रचनेत आहे. हेडएंडकडून (केबलचालकाच्या मुख्य केंद्राकडून) घरांकडे जाणारा सिग्नल वरून खाली वाटला जातो, त्यामुळे एका घरात सैल कनेक्टर असला तर त्रास त्या एकाच घराला होतो. रिटर्नमध्ये उलट घडते. ५ ते ६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येक घरातून जे काही केबलमध्ये शिरते ते स्प्लिटर, टॅप (लाइनमधून घरांना वायर काढून देणारी पेटी) आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून मागे येत येत नोडपाशी एकत्र जमा होते. पावसाळ्यात सगळ्या गच्च्यांचे पाणी एकाच पन्हळीतून खाली यावे तसेच हे आहे. कोणत्या गच्चीवरून घाण आली हे पन्हळीच्या तोंडाशी उभे राहून सांगता येत नाही. एका घरातल्या उघड्या वायरमुळे ३८० घरांचे अपस्ट्रीम खराब होते, आणि ज्या घरातून नॉइज येतो त्या घरात बहुधा इंटरनेट नसतेच, त्यामुळे तिथून तक्रारही येत नाही.

त्यात ५ ते ६५ मेगाहर्ट्झ हा पट्टा मुळातच गर्दीचा आहे. शॉर्टवेव्ह प्रसारण, ७, १४ आणि २१ मेगाहर्ट्झवरचे हौशी रेडिओ, २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन्स बँड, १३.५६ आणि २७.१२ मेगाहर्ट्झवर चालणारी औद्योगिक उपकरणे, हे सगळे हवेत आहेतच. स्वस्त एलईडी दिव्यांच्या आणि अ‍ॅडॉप्टरच्या एसएमपीएसचा (आतल्या वीजपुरवठ्याच्या सर्किटचा) नॉइज खालच्या टोकापासून २५-३० मेगाहर्ट्झपर्यंत पसरतो. दोष अशा उपकरणांचा आहेच, पण केबलची जाळी आणि कनेक्टर धड असले तर त्यातले काहीही आत येत नाही. म्हणून मी माझ्या माणसांना नेहमी सांगतो की नॉइज करणारे यंत्र शोधू नका, त्याला आत घेणारे भोक शोधा. यंत्र उद्या दुसरे येईल, भोक तिथेच राहील.

आता तुम्ही वाढवलेल्या ४ डीबीबद्दल, कारण ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि सुरुवातीच्या काळात स्वतःही केली आहे. रिटर्नचा गेन वाढवला की मोडेमचा सिग्नल आणि घरातून आलेला नॉइज दोन्ही ४ डीबीने वाढतात. पण सीएमटीएसला आपल्या दाराशी ठरलेलीच पातळी हवी असते; ती वाढलेली दिसताच तो प्रत्येक मोडेमला ४ डीबीने खाली यायला सांगतो. मोडेम आज्ञाधारक आहे, तो खाली येतो. नॉइजला कोणी आज्ञा देत नाही, तो वाढलेलाच राहतो. परिणामी तुमचा एसएनआर सुधारण्याऐवजी ४ डीबीने बिघडला आहे. आज रात्रीच तो गेन पूर्ववत करा; शोधाला सुरुवात करण्याआधीच तुमचा आकडा १९ वरून २३ च्या आसपास गेलेला दिसेल.

यातून रिटर्न पाथचा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो: मोडेमला मोठ्याने बोलायला लावा. एक उदाहरण घेऊ. अ‍ॅम्प्लिफायरजवळच्या २३ डीबीच्या (सिग्नल तेवढ्याने कमी करणाऱ्या) टॅपवर एक घर आहे, तिथला मोडेम ११० डीबीमायक्रोव्होल्टने (हे सिग्नलच्या पातळीचे एकक) सिग्नल पाठवतो. त्याच लाइनच्या शेवटी ८ डीबीच्या टॅपवर दुसरे घर आहे, तिथला मोडेम ९३ वरच समाधानी आहे, कारण त्याच्या वाटेत अडथळा कमी आहे. दोन्ही घरांत ४० डीबीमायक्रोव्होल्टचा सारखाच नॉइज शिरला असे समजा. पहिल्या घराचा नॉइज सिग्नलपेक्षा ७० डीबीने खाली राहतो, दुसऱ्या घराचा फक्त ५३ डीबीने. दोन्ही मोडेमचे सिग्नल सीएमटीएसपाशी सारख्याच पातळीला पोहोचतात, म्हणून दुसऱ्या घरातला तोच नॉइज संपूर्ण नोडला १७ डीबीने जास्त त्रास देतो. मोडेमची पाठवण्याची पातळी म्हणजे त्या घराच्या वाटेतल्या अडथळ्याचे मोजमापच असते. म्हणून सीएमटीएसवरून सगळ्या मोडेमची यादी काढा, पाठवण्याच्या पातळीनुसार चढत्या क्रमाने लावा, आणि सर्वांत कमी पातळीचे मोडेम कोणत्या टॅपवर आहेत ते नकाशावर खुणा करून पाहा. ९० ते ९५ च्या दरम्यान असलेल्या मोडेमच्या शेजारीपाजारी तुमचा चोर असण्याची शक्यता सर्वाधिक.

अशा टॅपवर, टीव्हीच्या सिग्नलला धक्का न लावता फक्त रिटर्नमध्ये अडथळा वाढवणारा अटेन्युएटर बसवता येतो. १२ डीबीचा बसवला तर मोडेम १२ डीबीने वर जातो आणि त्या टॅपमागच्या घरांचा नॉइज १२ डीबीने खाली बसतो. सर्व मोडेम १०० ते ११० डीबीमायक्रोव्होल्टच्या दरम्यान आणणे हे माझे उद्दिष्ट असते. त्याच्या वर थोडी जागा मुद्दाम ठेवतो, कारण डॉक्सिस २.० (केबल मोडेमचे मानक) च्या मोडेमची ६४-क्वामवरची (सिग्नलच्या एका ठोक्यात सहा बिट भरण्याच्या पद्धतीवरची) कमाल मर्यादा ११४ आहे, आणि उन्हाळ्यात केबलचा तोटा वाढला की काठावर बसलेला मोडेम तिथून खाली पडतो.

शोध सुरू करण्यापूर्वी आणखी एक खात्री करून घ्यावी. एसएनआर एकाच मोडेमचा खाली आहे की त्या पोर्टवरच्या सगळ्यांचा? बाहेरून शिरलेला नॉइज सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो. एकाच मोडेमचा आकडा वाईट आणि बाकीच्यांचा चांगला असेल, तर तो त्या घराच्या वाटेतला परावर्तनाचा किंवा कनेक्टरचा दोष आहे, त्यासाठी नोड पालथा घालू नये. दुसरे असे की सीएमटीएसच्या एसएनआरवर आंधळा विश्वास ठेवू नये. तो आकडा सरासरी असतो, आणि काही मायक्रोसेकंद टिकणारे जोरदार झटके त्या सरासरीत हरवून जातात. एसएनआर २८ दिसतो आणि तरी ग्राहक ओरडतो, असे असेल तर न दुरुस्त झालेल्या कोडवर्डचा (माहितीच्या तुकड्यांचा) आकडा पाहा. तो वाढत असेल तर ग्राहक खरे बोलत आहे.

त्यानंतर स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर हेडएंडमधल्या रिटर्न ऑप्टिकल रिसीव्हरच्या टेस्ट पॉइंटला लावा आणि मॅक्स-होल्डवर (सर्वांत वरची पातळी पडद्यावर धरून ठेवणाऱ्या सेटिंगवर) दहा-पंधरा मिनिटे तसाच राहू द्या. चित्रावरून बरेच काही कळते. बारीक, उभ्या सुया ७.२ ते ७.४५ मेगाहर्ट्झच्या दरम्यान आणि तशाच शॉर्टवेव्हच्या इतर पट्ट्यांत दिसल्या, तर कुठेतरी केबल अँटेनासारखी उघडी आहे. खालच्या टोकाला उंच आणि वरच्या दिशेने उतरत जाणारा डोंगर दिसला, तर तो विजेच्या उपकरणांचा नॉइज. मग एका मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर झीरो-स्पॅन (एकाच फ्रिक्वेन्सीची पातळी वेळेनुसार दाखवणारे सेटिंग) लावून स्वीप, म्हणजे पडद्यावरची एक फेरी, ५० मिलिसेकंदांचा करा. पडद्यावर दर १० मिलिसेकंदांनी एक, म्हणजे एकूण पाच झटके ओळीने उभे राहिले, तर तो ५० हर्ट्झच्या विजेशी बांधलेला आहे: डिमर, खराब एसएमपीएस किंवा मीटरच्या बोर्डातला ठिणगी मारणारा सैल जोड. झटके वेळीअवेळी, झुबक्या-झुबक्यांनी आले तर ब्रश असलेली मोटर समजा.

चित्र पाहताना ६५ मेगाहर्ट्झच्या पलीकडेही नजर टाका. नोडमधल्या डायप्लेक्स फिल्टरमुळे (जाणारा आणि येणारा पट्टा वेगळा करणाऱ्या भागामुळे) ६५ च्या वरचे काहीही रिटर्नमधून येऊ शकत नाही. तरीही ७० ते १०० च्या दरम्यान जमीन (नॉइजची तळपातळी) उचललेली दिसली, तर ते केबलमधून आलेले नाही, ते नोडमधल्या रिटर्न लेसरने स्वतः तयार केले आहे. लेसरच्या तोंडी क्षमतेपेक्षा जास्त ताकद गेली की तो क्लिप होतो (सिग्नलचे शेंडे कापतो) आणि मग चांगल्या फ्रिक्वेन्सीही नासतात. अशा वेळी लोक लेसर बदलतात. तुमच्याकडे नोड बदलूनही फरक पडला नाही, त्याचे एक कारण हे असू शकते: नवा लेसरही त्याच माऱ्याखाली आला. आधी मारा कमी करा, किंवा लेसरच्या आधीचा पॅड (सिग्नल कमी करणारा छोटा भाग) वाढवा.

आता प्रत्यक्ष शोध. दोन माणसे लागतात, एक कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर आणि एक बाहेर, आणि दोघांच्या कानाला फोन. ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळी हे काम करायचे. सकाळी दहा वाजता संध्याकाळचा नॉइज शोधणे म्हणजे वेळेचा अपव्यय. नोडला तीन किंवा चार लेग (फांद्या) असतात. प्रत्येक लेगच्या रिटर्नच्या जागी असलेला पॅड काढून ६ डीबी जास्तीचा लावायचा. ज्या लेगवर असे करताच पडद्यावरचा नॉइज ६ डीबीच्या आसपास खाली येतो, चोर त्या लेगमध्ये आहे. पॅड काढून जागा रिकामी ठेवली तर फरक अधिक स्पष्ट दिसतो, पण दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर मोडेम ऑफलाइन जातात आणि तुमच्यामुळे नव्या तक्रारी येतात. अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज काढून शोध घेणारे काही जुने लाइनमन मला माहीत आहेत. नॉइज त्यानेही सापडतो, पण मालिका ऐन रंगात असताना दोनशे घरांचे टीव्ही बंद करणे हा काही शोधाचा मार्ग नव्हे. लेग सापडला की त्या लेगवरच्या पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरकडे, तिथून त्याच्या कोणत्या आउटपुटमध्ये, मग पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे, शेवटी टॅपकडे आणि टॅपच्या पोर्टकडे. प्रत्येक पायरीवर शक्यता निम्म्या किंवा त्याहून कमी होतात. ३८० घरांच्या नोडवर साधारण आठ-नऊ पायऱ्यांत तुम्ही एका दारापाशी उभे असता.

असाच एक शोध माझ्या चांगला लक्षात आहे. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता, नोड पुण्यातल्या एका जुन्या पेठेतला, आणि त्रास दुपारी चारला सुरू होऊन रात्री नऊला थांबायचा. झीरो-स्पॅनवर झटके झुबक्यांनी येत होते: दोन सेकंद गर्दी, मग शांतता, मग पुन्हा पाच सेकंद गर्दी. आम्ही लेग, अ‍ॅम्प्लिफायर असे करत एका वाड्यामागच्या चार मजली इमारतीच्या टॅपपर्यंत पोहोचलो. टॅप जिन्यातल्या डक्टमध्ये होता, आठ पोर्टचा. मी एकेक ड्रॉप (टॅपवरून घरात जाणारी वायर) काढत होतो आणि फोनवर कंट्रोल रूममधला मुलगा ‘नाही, नाही, अजून आहे’ म्हणत होता. सहावा ड्रॉप सैल करताच तो ओरडला, ‘पडला!’ ती वायर हाताने चाचपत खाली गेलो तर ती तळमजल्यावरच्या एका शिवणकामाच्या दुकानात उतरत होती. पूर्वी तिथे राहते घर होते. टीव्ही गेला, भाडेकरू बदलले, पण ड्रॉप कोणी टॅपवरून सोडवला नव्हता. भिंतीवर विजेच्या बोर्डामागून आलेल्या वायरचे टोक तसेच लोंबत होते, कनेक्टर कापून नेलेला, जाळीचे तांबूस तार फुलासारखे पसरलेले. त्याच्यापासून हातभर अंतरावर फॉल-पिकोचे मोटरचे शिवणयंत्र. ताईंनी पायाखालचे पेडल दाबले की फोनवरून आवाज यायचा ‘आला’, पाय उचलला की ‘गेला’. दिवाळीच्या साड्यांमुळे त्यांचे यंत्र रोज पाच तास चालत होते. आम्ही टॅपवरून तो ड्रॉप काढला, पोर्टला टर्मिनेटर (रिकामे पोर्ट बंद करणारी टोपी) लावला, एसएनआर १८ वरून ३१ वर गेला. आमच्यामुळे आपल्या यंत्रात काही बिघाड निघाला की काय, अशी ताईंना काळजी वाटली होती. यंत्र अगदी उत्तम आहे हे त्यांना दोनदा सांगावे लागले.

सोडून दिलेले ड्रॉप हा आपल्याकडचा फार मोठा आजार आहे. ग्राहक डीटीएचकडे किंवा फायबरकडे गेला की आपण सेट-टॉप बॉक्स परत आणतो, वायर मात्र तशीच टॅपला जोडलेली राहते. कनेक्शन तोडताना टॅपवरून वायर काढणे आणि त्या पोर्टला ७५ ओहमचा टर्मिनेटर लावणे ही दोन मिनिटांची कामे न केल्यामुळे नंतर चार रात्री जागाव्या लागतात. त्याच्या खालोखाल दोष घराच्या आतला: ग्राहकाने स्वतः आणलेला स्प्लिटर, दोन वायरी पिळून चिकटपट्टीने केलेला जोड, विरळ जाळीची स्वस्त वायर, बोटांनी फिरवून बसवलेला कनेक्टर. एफ-कनेक्टर हा पान्याने घट्ट करायचा असतो. बोटांनी बसवलेला कनेक्टर चित्र दाखवतो, म्हणून तो बरोबर बसला आहे असा आपला समज होतो.

ज्या घरांत केवळ टीव्ही आहे तिथे टॅपवरच हाय-पास फिल्टर बसवावा. तो रिटर्नचा संपूर्ण पट्टा अडवतो आणि टीव्हीच्या फ्रिक्वेन्सी जाऊ देतो, त्यामुळे त्या घरात काहीही घडले तरी नोडला कळत नाही. मात्र त्या ग्राहकाने पुढे इंटरनेट घेतले तर फिल्टर काढायला विसरू नये. मोडेम लागत नाही म्हणून दोन मोडेम बदलून झाल्यावर फिल्टर आठवला, असे आमच्याकडे झाले आहे.

सगळ्या पायऱ्या करूनही नॉइज कोणत्याही एका घरात सापडला नाही आणि तो चोवीस तास असेल, तर वेगळा संशय घ्यावा. गंजलेला जोड डायोडसारखा वागतो आणि पुढे जाणाऱ्या चॅनलचे मिश्रण करून त्यातून रिटर्नच्या पट्ट्यात नवा कचरा तयार करतो. अ‍ॅनालॉगच्या काळात हा दोष ७ किंवा ८ मेगाहर्ट्झच्या अंतराने उभ्या राहणाऱ्या सुयांवरून चटकन ओळखू यायचा. मुंबईत २०१२ पासून आणि नंतर टप्प्याटप्प्याने सर्वत्र डिजिटल झाल्यावर त्या सुया गेल्या; आता तोच दोष नुसती जमीन उचलल्यासारखा दिसतो आणि साध्या नॉइजसारखा वाटतो. परीक्षा सोपी आहे: संशयित अ‍ॅम्प्लिफायरचे पुढे जाणारे सिग्नल क्षणभर बंद करा. रिटर्नमधला नॉइजही त्याच क्षणी नाहीसा झाला, तर दोष त्याच्या पुढच्या जोडांत आहे. बहुतेक वेळा अशा जोडावर नुसती टिचकी मारली तरी पडद्यावरचे चित्र हलते. कोकणपट्टीत आणि मुंबईत खाऱ्या हवेमुळे हे दोष जास्त मिळतात, आणि टिचकी मारून बरा झालेला जोड आठवड्यात पुन्हा आजारी पडतो, म्हणून तो कापून नवाच करावा.

चोर सापडेपर्यंत ग्राहकांना सांभाळण्यासाठी दोन तात्पुरते उपाय आहेत. चॅनल २० मेगाहर्ट्झच्या वर, शक्यतो ३० ते ६० च्या दरम्यान हलवा. दुसरे, ६.४ मेगाहर्ट्झ रुंदीचे ६४-क्वाम सोडून ३.२ मेगाहर्ट्झ आणि १६-क्वाम करा. रुंदी निम्मी केल्याने ३ डीबी मिळतात आणि १६-क्वामला ६४ पेक्षा सुमारे ६ डीबी कमी एसएनआर पुरतो. किंमत मात्र मोठी आहे: कच्चा वेग ३०.७२ वरून १०.२४ मेगाबिटवर येतो. म्हणून हा उपाय एका आठवड्यापुरताच वापरावा. एकदा तक्रारी थांबल्या की शोध थांबतो, आणि सहा महिन्यांनी ते १६-क्वामही टिकत नाही, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

हेडएंडमध्ये तुमच्या चार नोडचे रिटर्न एकाच सीएमटीएस पोर्टवर एकत्र केलेले आहेत का, हे तुम्ही लिहिलेले नाही. असतील तर सारख्या पातळीच्या चार नोडचा नॉइज मिळून ६ डीबीचा तोटा आधीच होतो, आणि तुम्ही ज्या नोडवर दोन अ‍ॅम्प्लिफायर बदलले तो नोड कदाचित निर्दोष असेल. उद्या साडेसहाला बाहेर माणूस पाठवण्याआधी कॉम्बायनरपाशी एकेक रिसीव्हरची वायर काही क्षण काढून पडद्याकडे पाहा. पहिली पायरी खांबावर नाही, तुमच्याच रॅकमध्ये आहे.